धुराच्या वाटेतला पत्रा

"दाजी, तुमची गाडी स्वतःचाच धूर खातेय!"

मेहुण्याने बॉनेटमध्ये डोकं खुपसूनच हे जाहीर केलं आणि जावयांच्या हातातला चहा बशीत सांडला. बिचाऱ्यांचं चष्म्यांचं दुकान. लोकांचे नंबर त्यांना झोपेतही सांगता यायचे, पण गाडीतलं स्टिअरिंग सोडून त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर गाडी अजून त्यांची झालेलीच नव्हती.

ती सासऱ्यांची डिझेल जीप. सासरे वाहन तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या गाड्यांतल्या भानगडी पकडण्यात गेली, त्यामुळे जेवतानासुद्धा एकच पालुपद: "कंपनीने दिलंय तसं ठेवावं. मशीनमध्ये बोटं घालणारा माणूस माझ्या दारात नको!" जीप त्यांनी जावयाला महिनाभर वापरायला दिली होती. रविवारी ते स्वतः चक्कर मारून बघणार होते. जशी दिली तशी असली तर गाडी जावयाची, नाहीतर किल्ली परत. आणि जावयांच्या बायकोने तर 'आमची गाडी' म्हणून शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

"धूर खातेय म्हणजे?" जावयांनी घाबरून विचारलं.

"ही नळी बघा. ईजीआर म्हणतात. बाहेर जाणारा थोडा धूर परत इंजिनात ढकलते. बाहेरची हवा कमी खराब व्हावी म्हणून. पण इंजिनाचा जीव गुदमरतो हो! इथे एक पत्रा बसवला की धूर बंद, पिकअप डबल."

"तुला कोणी सांगितलं?"

"व्हिडिओत पाहिलंय. एक माणूस रडला हो शेवटी, आनंदाने."

"आणि बाबांना कळलं तर?"

"बाबा खूश होतील! चढावर गाडी सुसाट गेली की म्हणतील, काय ठेवलीय जावयाने!"

हे ऐकलं आणि जावई विरघळले. सासऱ्यांच्या तोंडून आजवर त्यांना 'बरं' याच्या पुढचा शब्द मिळाला नव्हता. ते घरात गेले आणि एक छानसा स्टीलचा तुकडा कापून घेऊन आले. कुठून आणला, ते काही बोलले नाहीत. मेहुण्याने बोल्ट सैल केले.

"दाजी, इथे आत आधीच एक पत्रा आहे. मध्ये बारीकसं भोक आहे त्याला."

"कंपनीचा असेल. असू दे, असू दे. कंपनीने दिलंय तसं ठेवावं," जावई म्हणाले आणि आपला पत्रा त्याच्यावर बसवून मोकळे झाले.

रविवारी सगळं कुटुंब जीपमध्ये बसलं. जावई गाडी चालवत होते, शेजारी सासरे डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. मागे मेहुणा, बायको आणि सासूबाई. सासूबाईंचा जावयांवर जुना राग होता. त्या डावखुऱ्या. त्यांचं लाडकं उलथणं चार वर्षांपूर्वी नेमकं जावई मुक्कामाला असताना नाहीसं झालं, आणि त्याआधी जावयांनी त्याच उलथण्याने रंगाचा डबा उघडलेला त्यांनी पाहिला होता. झालं! तेव्हापासून विषय कुठलाही निघो, तो उलथण्यावरच येऊन थांबायचा.

"गाडी नीट ठेवलीय हो," सासूबाई म्हणाल्या. "वस्तू नीट ठेवता येतात म्हणजे. माझं उलथणं तेवढं—"

"आई, पुरे ना!" बायको म्हणाली.

सपाट रस्ता संपला, चढाव सुरू झाला. जावयांनी मेहुण्याकडे आरशातून एक अभिमानाची नजर टाकली आणि पाय दाबला. समोर टपकन पिवळा दिवा लागला आणि गाडीच्या अंगातली सगळी ताकदच गेली. जावई पाय दाबताहेत, दाबताहेत, आणि गाडी ढिम्म! एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला. मग बाळाची गाडी ढकलणारी एक बाई आली. तिने आत वाकून विचारलं, "काही मदत हवीय का?" आणि तीही पुढे गेली.

"पिकअप," मेहुणा मागे पुटपुटला, "डबल..."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "थांबवा."

बॉनेट उघडलं. सासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "जावईबापू! ईजीआरला हात लावलात?"

"बाबा, ते... जरा..."

"किल्ली द्या इकडे! अहो, आख्खी वाट बंद केलीत? धूर येत नाही हे गाडीच्या कॉम्प्युटरला लगेच कळतं, तो इंजिनाची ताकद काढून घेतो! एवढी अक्कल नाही? मध्ये भोक ठेवावं लागतं, म्हणजे थोडा धूर जातो आणि दिवा—"

सासरे थांबले.

"भोक?" मेहुण्याचा आ वासलेला तसाच राहिला. "बाबा, भोकवाला पत्रा तुमचा?"

"कसला पत्रा? मला काय माहीत!"

पण मेहुण्याने पाना आणि फडकं घेऊन बोल्ट काढलेही होते. दोन्ही पत्रे त्याने बॉनेटवर ठेवले. सासूबाईंनी भोकवाला पत्रा रुमालात धरून काजळी पुसली, उलटा केला, सुलटा केला, आणि मटकन रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या.

"अगं बाई! हा कोपरा बघ गं. सगळ्यांची उलथणी त्या बाजूने झिजतात, माझं या बाजूने. हे माझं उलथणं आहे!"

जावई गर्रकन सासऱ्यांकडे वळले. चार वर्षं! चार वर्षं ज्या माणसासमोर ते खाली मान घालून जेवले, तोच चोर! "बाबा, तुम्ही?"

"चढावर फार दमायची गं ती," सासरे सासूबाईंकडे न बघता म्हणाले. "आणि तो पत्रा इतका छान जाडीचा होता..."

"चार वर्षं जावयांना बोलले मी! माणूस म्हणून एकदा तरी तोंड उघडायचं होतंत!" सासूबाईंनी हात पुढे केला. "किल्ली."

सासऱ्यांनी मुकाट्याने दिली. सासूबाई जावयांकडे वळल्या. "चुकलं माझं. गाडी तुमचीच." जावयांना भरून आलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"एक मिनिट, आई," बायको म्हणाली. दुसरा पत्रा आता तिच्या हातात होता. त्याच्यावर ओळीने चार, पाच, सहा, सात असे आकडे होते आणि मध्ये बारीक रेघा. "अहो, माझी शिवणकामाची पट्टी आहे ही! आठवडाभर शोधतेय. तुम्हीही माझ्याबरोबर कपाटाखाली वाकून शोधलीत!"

जावयांनी पुढे केलेले दोन्ही हात हळूच मागे घेतले.

सासूबाईंनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. मेहुण्याने कोणी न सांगता नळी पत्र्याशिवाय जोडून दिली. मायलेकी गाडीत बसल्या, गाडी सुरू झाली, दिवा गेला आणि जीप कंपनीने दिली होती तशी झपकन चढाव चढून वळणापलीकडे दिसेनाशी झाली. रस्त्यात तिघे उरले. सासऱ्यांच्या हातात उलथणं, जावयांच्या हातात पट्टी.

"दाजी," मेहुणा भारावून म्हणाला, "पिकअप बघितलात?"