दारुमाचा दुसरा डोळा

सकाळी दाढी करायला निघालेला तोकुझो देवाच्या फळीपाशी थबकला. फळीवरचा लाल, गोलमटोल दारुमा बाहुला दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे टकामका बघत होता. काल तर एकच डोळा होता! तो तोकुझोनेच नववर्षाला रंगवला होता, छत्तीस वर्षांच्या लेकीचं, मिसाओचं लग्न जमावं म्हणून. दुसरा डोळा इच्छा पुरी झाल्यावरच रंगवायचा, हे शेंबडं पोरही जाणतं.

"अगं, हा डोळा तू काढलास?"

"मी कशाला काढू? तुमच्याच हातून शाई सांडली असेल," त्याची बायको हात्सुए चुलीजवळून म्हणाली.

शाई सांडून एवढा गोल डोळा होतो होय? घरात तिसरं माणूस म्हणजे मिसाओ, आणि ती पोस्टात कामावर गेलेली. तोकुझोला काय करू नि काय नको असं झालं. "जमलं गं पोरीचं! सांगायची लाज वाटली, म्हणून डोळा काढून गेली!"

हात्सुएने डोळे पुसत शुभकार्याचा लाल भात शिजवला. तो शेजारी दिल्याशिवाय कसा राहायचा? इवामोतोकाकूंनी डबा घेतला आणि तिला दारातच पकडलं.

"मुलगा कोण?"

"असेल... पोस्टातलाच कुणी," हात्सुए चाचरली.

"पोस्टात बिनलग्नाचा एकटा सेगावाच आहे. छान हो, गरीब आहे बिचारा!"

संध्याकाळी सेगावा स्वतःच दारात उभा. हातात मिठाईचा खोका, चेहरा पांढराफटक, आणि मागे लालबुंद मिसाओ.

"माफ करा," तो कमरेत वाकला. "दुपारपासून तिकिटं घ्यायला येणारा जो तो माझं अभिनंदन करतोय. माझं लग्न कुणाशी ठरलंय, तेवढं कळेल का?"

"बाबा, काय घोळ घातलात हा?"

"मी? डोळा तू काढलास ना?"

"काढला! तुम्ही पहिला काढलात, तेव्हा मीही मागणं मागून घेतलं होतं. बाबांनी माझ्या लग्नाचं नाव काढू नये म्हणून. तीन महिने झाले, चकार शब्द नाही. दारुमा पावला, म्हणून रंगवला."

तोकुझोने आ वासला. काम दारुमावर सोपवलं, म्हणून तर तो गप्प होता! त्याला रडावं की हसावं कळेना.

"मग... मी निघू?" खोका पुढे करावा की मागे घ्यावा, हे सेगावाला उमगत नव्हतं.

"आलात तर जेवूनच जा. भात पातेलंभर उरलाय," मिसाओ म्हणाली.

चौघं जेवायला बसली. मिसाओने सेगावाला न विचारताच दुसऱ्यांदा भात वाढला. लग्नाचा शब्द तोकुझोच्या अगदी ओठांवर आला. त्याने वर पाहिलं. दारुमा दोन्ही डोळे वटारून बसला होता. तोकुझोने घाईघाईने तोंडात भाताचा भला मोठा घास कोंबला.