टाके घातलेली भरली वांगी

मेघाला पाहायला पाहुणे दुपारी जेवायलाच येणार होते आणि प्रेमिलाबाईंची भरली वांगी कढईत पडली की मसाला ओकत होती. मेघाच्या भावाला, प्रशिकला, ते बघवेना. तो सर्जरी वॉर्डात इंटर्न होता. कालच सरांनी त्याचे टाके बघून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ही गाठ आहे की बुटाची लेस?" उद्या त्याला खऱ्या माणसाची जखम शिवायची होती.

"आई, आण इकडे. मी शिवून देतो."

"वांगे शिवते का कोणी?"

"फाटलेलं जोडायचं, बस. जखम काय अन् वांगं काय!"

त्याने कोरी सुई आणि कोरा दोरा उकळून घेतला. स्वयंपाकघरात फार उकडत होतं, म्हणून तो ताट घेऊन बाहेर सोफ्यावर बसला. पकडीत वाकडी सुई धरून त्याने एकेका वांग्याला टाके घातले. गाठी अशा बसल्या की कढईत मसाल्याचा कणही बाहेर येईना.

"पोराच्या हातात कला हाये वं, मेघा!" प्रेमिलाबाई कौतुकाने म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. बुटीबोरीच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला अंकित, त्याची आई नंदिनीताई आणि मामा महादेवराव आत आले. जय भीम झाले, पाणी झालं. अंकित सोफ्यावर बसला आणि मेघा समोर येताच एकदम ताठ झाला.

"संस्कार पाहा पोराचे," प्रशिकचे बाबा, प्रेमानंद, हळूच म्हणाले.

सगळ्यांना बसल्या जागीच ताटं वाढली गेली. प्रशिकने आत हत्यारं आवरायला घेतली आणि एकेक मोजून पाहिलं. पकड होती, कात्री होती, सुई नव्हती. ऑपरेशन थिएटरचा नियम त्याला पाठ होता. सुई सापडल्याशिवाय पोट शिवायचं नाही आणि कोणी बाहेर जायचं नाही. तो चिमटा घेऊन बाहेर धावला.

"कोणी खाऊ नका! टाके काढायचे राहिले!"

"कोणाचे टाके?" नंदिनीताईंनी विचारलं.

"वांग्यांचे."

पुढच्याच क्षणी तो नंदिनीताईंच्या ताटावर वाकून वांगं उघडत होता. "आत काही दिसून नाही राहिलं. पेशंट व्यवस्थित हाये."

"वांगं हाये ते, पेशंट नाही!" प्रेमानंद दातओठ खात म्हणाले.

महादेवरावांचं ताट मात्र रिकामं होतं. त्यांनी दोन्ही वांगी दोऱ्यासकट संपवली होती. "मले वाटलं, शेवया हायेत," ते म्हणाले.

"मामाजी, पोटात टोचून राहिलं का?"

"नाही तं." मामांनी पोटावर हात ठेवला. "आता तुम्ही विचारलं, तं टोचून राहिलं."

प्रशिकने सुईची गोष्ट सांगून टाकली. मामा जागीच आडवे झाले. "गेलो गा मी! एक्स-रे काढा!" प्रेमानंद गाडीची चावी शोधू लागले. नंदिनीताई भावाचे पाय चोळू लागल्या, खरं तर पायांना काही झालं नव्हतं. प्रेमिलाबाईंनी कढईच उचलली. वांग्यांचाही फोटो काढून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. मामांना उचलून सगळे दाराशी पोचले. अंकित तेवढा सोफ्यावर बसून राहिला.

"ऊठ ना बे! मामा चालला!" आई ओरडली.

"मले उठता येत नाही."

"काहून?"

"सुई माह्यापाशी हाये."

"कवापासून?"

"बसलो तवापासून," अंकित म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सोफ्यालेबी दोरा अटकला हाये."

मामांची कळ तिथल्या तिथे थांबली. ते उठून बसले आणि पोळी आहे का, विचारू लागले.

प्रशिकने सोफ्याकडचा दोरा कापला आणि अंकितला आतल्या खोलीत नेलं. सुईचा बाक बघून, त्याच बाकाने मनगट फिरवत त्याने ती अलगद काढली. बाहेर नंदिनीताईंचा आवाज चढला होता. "असल्या घरात सोयरीक? माह्या पोराले सोफ्याले शिवलं यायनं!"

"माझा होकार हाये," मेघा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"पोरी, त्याच्याशी तं बोललीबी नाहीस अजून," प्रेमानंद म्हणाले.

"बाबा, आपल्या घरात मच्छर चावला तरी मोहल्ला गोळा होते. सुई टोचली तरी गप्प बसणारा माणूस मले कुठं भेटणार हाये?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. अंकित बाहेर आला. मेघाने सवयीने त्याला बसायला सांगितलं. तो सोफ्याकडे एकदा बघून लाजला आणि त्यानेही होकार दिला, उभ्याउभ्याच.