पेत्राचे तीन नकार आणि एक बेकार कोंबडा

"घडीव माझा संत, ढलप्या अंगणात
झाडून टाकल्यावर, बाई, उरेल काय हातात!"

रविवारच्या शाळेतल्या शिक्षिकेचा हा कापरा आवाज आमच्या अख्ख्या पिढीच्या कानात आहे. पण त्या पडल्या जुन्या वळणाच्या. संत हा मुळापासूनच स्वच्छ असावा, हे आता सर्वमान्य सत्य आहे (ढलप्यांनी गालिचा खराब होतो).

म्हणूनच यंदा चर्चच्या नाटकासाठी चारित्र्यसंवर्धन उपसमिती नेमली गेली. प्रश्न बायबलमधल्या पेत्राचा होता. गुरूला पकडून नेलं त्या रात्री हा पट्टशिष्य अंगणात शेकत बसला होता. दासीने विचारलं, "तूही त्याच्यासोबत होतास ना?" तो म्हणाला, "मी त्या माणसाला ओळखत नाही." असं तीनदा झालं. मग गुरूने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे कोंबडा आरवला आणि पेत्र ढसाढसा रडला. पुढे याच माणसाच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या आल्या! उपसमितीच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "असल्या पोराला मी वर्गाचा मॉनिटरसुद्धा केलं नसतं."

पहिल्या बैठकीत नकार तीनवरून दोनवर आले (काटकसर). दुसऱ्या बैठकीत एकावर, तोही खोकत. तिसरीत ठरलं, की पेत्र सरळ म्हणेल, "हो, ओळखतो." चारित्र्याचा विकास पहिल्याच प्रवेशात पूर्ण. शंभरातल्या एकशे चार पालकांनी याचं स्वागत केलं (काहींनी दोन्ही हात वर केले होते).

राहिला कोंबडा. पडद्यामागे कोंबडा होणारा पोस्टातला कारकून पेटला. "नकारच नाही, तर मी आरवू कशासाठी?"

"सकाळ झाली म्हणून," अध्यक्षा म्हणाल्या. "इतर कोंबडे काय करतात?"

पेत्राचं काम वर्षानुवर्षं गल्लीतला किल्लीवाला करायचा (किल्ल्यांमुळे पात्रनिवड सोपी गेली होती). नकार द्यावा तर त्यानेच! इतका सहज, इतका साफ. त्याला तालीम लागत नसे. रोजचा सराव होता. त्याचा धाकटा भाऊ तेच हात, तीच तार घेऊन लोकांची कुलुपं उघडायचा, फक्त लोकांना न विचारता. तुरुंगातही जाऊन आला होता. गिऱ्हाईक विचारी, "तो तुमचा कोण?" किल्लीवाला कानस न थांबवता म्हणे, "मी त्या माणसाला ओळखत नाही." धंदाच विश्वासाचा, करणार काय! धाकटा मात्र दरवर्षी नाटकाला यायचा, मागच्या दाराशी उभा राहायचा, आणि तिसऱ्या नकाराला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचा.

नवा संवाद किल्लीवाल्याने हसत घेतला. "तीन वाक्यांचं एक झालं. बरंच की!"

प्रयोग रंगला. शेकोटी पेटली (लाल कागद, खाली बल्ब). दासी झालेल्या पाववालीने विचारलं, "तूही त्याच्यासोबत होतास ना?"

किल्लीवाल्याची नजर मागच्या दाराकडे गेली. धाकटा तिथेच होता. आणि अख्ख्या गावाची कुलुपं उघडणाऱ्या या माणसाला स्वतःचं तोंड उघडेना.

पाववालीने पुन्हा विचारलं.

"हो म्हणा हो!" अध्यक्षा विंगेतून कुजबुजल्या. "सोप्पंय!"

तिसऱ्यांदा पाववाली वैतागली आणि पदरचं वाक्य घालून मोकळी झाली. "अरे मेल्या, बोल की! कोण लागतो तो तुझा?"

कारकुनाला राहवेना. तो आरवला. ठरावाबाहेर, पार बेंबीच्या देठापासून.

"भाऊ!" किल्लीवाला हंबरडा फोडून म्हणाला. "माझा धाकटा भाऊ आहे तो! आत ये रे, दारात काय उभा राहतोस परक्यासारखा!"

उपसमितीच्या अहवालानुसार प्रयोग यशस्वी झाला. पेत्राने ठरल्याप्रमाणे ओळख मान्य केली (शब्दांत किरकोळ फरक). रडणं वगळलेलं असताना ते परत कसं आलं, याचा खुलासा मागवला आहे. प्रेक्षकांत ते कसं पसरलं, याचाही.

कोंबडा सध्या मोकळाच आहे आणि घरगुती कामं घेतो. तुम्ही हल्ली कोणाला ओळखत नाही, तेवढं फक्त कळवा.