उमेदवारीवरचा चाकू

त्या रविवारी दुपारी बाबांनी पिशवीतून त्यातल्या त्यात जुळी दिसणारी दोन सफरचंदं निवडली, एक जुन्या चाकूने चिरलं, दुसरं नव्याने, आणि दोन्हींच्या फोडी वेगवेगळ्या बशांत मांडून थोरलीपुढे सरकवल्या.

"खा आणि सांग."

"बाबा, सफरचंद आहे ते. चाकूची चव कुठून लागणार?"

"लागते. लक्ष देऊन खाल्लं तर."

थोरलीने लक्ष देऊन खाल्लं. दोन्ही बशांतलं सफरचंद सारखंच गोड होतं. तसं ती म्हणाली, तेव्हा बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला शाळेत घातल्याचा त्यांना नव्याने पश्चात्ताप होतोय.

बाबा जन्मभर मुद्रितशोधक होते. छापखान्यातून आलेली पानं वाचायची आणि दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा व्यवसाय. निवृत्तीनंतर तो त्यांनी घरी सुरू ठेवला होता. 'सुधारित आवृत्ती' या दोन शब्दांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जुन्या चुका काढून त्या जागी ताज्या चुका बसवल्या की सुधारित आवृत्ती तयार होते, असं ते स्वानुभवाने सांगत. म्हणून त्यांच्या घरात कुठलीही नवी वस्तू आल्याआल्या कामाला लागत नसे. तिने आधी जुन्या वस्तूच्या शेजारी बसून उमेदवारी करायची. नव्या इस्त्रीने केली, नव्या कुकरने केली. मिक्सर नापास होऊन दुकानात परत गेला होता. थोरलीच्या नवऱ्याची उमेदवारी तर अजून चालूच आहे, असं तो स्वतःच चारचौघांत सांगे.

सध्या पाळी चाकूची होती. बाबांचा घडीचा चाकू त्यांच्या तरुणपणातला, एका नावाजलेल्या कारखान्याचा. लाकडी मूठ त्यांच्या तळहाताच्या आकाराची झाली होती. पातं काळपट पडलं होतं, पण त्याने पेन्सिलीला टोक निघे, पाकिटं उघडत, फळं सोलली जात. आणि काम झालं की मांडीवर हलकेच टेकवला तरी तो मिटे. त्याच कारखान्याने अलीकडे त्याच चाकूचा नवा अवतार बाजारात आणला. लाकूड तेच, आकार तोच, पण पातं न गंजणारं. शिवाय चाकू उघडला की पातं एका खटक्यात अडकून पक्कं बसे, म्हणजे कापताना बोटावर मिटायची भीती नाही. थोरली ग्रंथपाल होती. कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्याविषयी चार ठिकाणी वाचायची तिला खोड होती. तिने चाकूविषयी भरपूर वाचलं आणि बाबांच्या वाढदिवसाला तो आणला. किंमत तिने सांगितली नाही. बाबांनी ती शोधून काढलीच.

तेव्हापासून दर रविवारी ती माहेरी गेली, की बाबा तिच्यासमोर नवा चाकू खिशातून काढत, ऐटीत उघडत आणि काहीतरी कापून दाखवत. निकाल मात्र देत नसत. तिला फार काही नको होतं. 'चांगला आणलास' एवढं एकदा कानावर पडलं असतं, तरी पुरलं असतं.

"मग? पास की नापास?" निघताना तिने विचारलं.

"घाई काय आहे? पुढच्या रविवारी बघू."

"निदान मिटून तरी ठेवा."

"असू दे. पात्याला जरा वारा लागू दे."

चपला घालता घालता थोरली म्हणाली, की मी आणलेलं तुम्हाला कधी काही पसंत पडलंय का? अर्धं थट्टेत म्हणाली होती. बाबा हसले आणि त्यांनी जुन्या चाकूने चिरलेल्या, एव्हाना काळ्या पडलेल्या फोडींपैकी एक तोंडात टाकली.

सोमवारी सकाळी ते चहाला उठले नाहीत.

मग माणसं आली, बसली, गेली. खिडकीजवळच्या टेबलावर जुना चाकू मिटलेला आणि नवा उघडा, असे शेजारी शेजारी पडून राहिले. टेबल पुसतानाही आई त्या दोघांना वळसा घालून फडकं फिरवायची. शेवटी एके दिवशी आत्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसली, चष्मा चाचपडताना तिचा हात भलतीकडे गेला आणि बोट थोडक्यात वाचलं.

"आधी ते पातं मिटवा," आत्या म्हणाली. "एक गेला तेवढं पुरे."

थोरलीने चाकू उचलला आणि मिटवायला गेली. तो मिटेना. पातं पक्कं कसं बसतं हे तिने चार ठिकाणी वाचलं होतं; ते सोडवायचं कसं, हे एकाही ठिकाणी नव्हतं. तिने जोर लावला, मग उलटा धरून लावला. आईने हातात घेतला आणि ह्यांच्या वस्तू ह्यांच्यासारख्याच, असं म्हणत खाली ठेवला. धाकट्या भावाने, ताई तू बाजूला हो, असं म्हणून सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं. त्यामुळे मूठही तेलकट झाली आणि आता तो कुणाला धडपणे धरताही येईना. धाकट्याने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यातला हसतमुख मनुष्य चाकू मांडीवर टेकवून मिटवत होता; तो जुन्या चाकूचा व्हिडिओ निघाला. हे धाकट्याची पँट फाटल्यावर लक्षात आलं.

वरच्या मजल्यावरच्या इंजिनियर शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी चाकू सगळ्या बाजूंनी निरखला आणि माहितीपत्रक मागितलं. माहितीपत्रक होतं, पण ते बाबांच्या हाताखालून गेलेलं होतं. परभाषेतून कसंबसं उतरवलेल्या त्या मजकुरावर त्यांनी लाल शाईने हात चालवला होता आणि खटक्याविषयीचं अख्खं वाक्य खोडून समासात लिहिलं होतं, 'अर्थ लागत नाही'. खोडण्याचं काम इतकं चोख होतं, की खालचं एक अक्षर दिसत नव्हतं. शेजाऱ्यांनी पत्रकाची घडी घातली आणि दुकानात नेण्याचा सल्ला देऊन ते जिना चढून गेले.

उघडा चाकू नेणार कसा, हा पुढचा प्रश्न. आईने कपड्यांच्या साबणाची कोरी वडी आणली, पात्याचं टोक तिच्यात खुपसलं आणि वर टॉवेल गुंडाळला. ते गाठोडं पिशवीत घालून थोरली बसमध्ये बसली. धाकटा येतो म्हणाला होता. मी बघते, म्हणून तिने त्याला घरी बसवलं. गेले कित्येक दिवस ती सगळंच बघत होती. बँक, दाखले, आईची औषधं. कुणी विचारलं तर व्यवस्थित चाललंय म्हणत होती.

दुसऱ्याच वळणावर साबण दुभंगला. शेजारच्या बाईंनी टॉवेलमधून डोकावणारं टोक पाहिलं आणि थोरलीकडे पाहिलं.

"घाबरू नका," थोरली म्हणाली. "वडिलांचा आहे. ते गेले."

आपण काय बोललो हे तिला बाई उठून दोन सीट पुढे गेल्यावर समजलं. तिने घाईने खुलासा केला, की ते झोपेत गेले, चाकूचा त्यात काही संबंध नाही. हे ऐकून मागची सीटही रिकामी झाली. एरवी उभ्याने जावं लागणाऱ्या त्या बसमध्ये थोरली तिघांच्या जागेत ऐसपैस बसून बाजारापर्यंत गेली.

दुकानांच्या इमारतीपाशी पहाऱ्यावरच्या माणसाने पिशवी उघडायला लावली. साबणाचा चुरा, तेलकट टॉवेल आणि आत नागडं पातं.

"हे काय?"

"बिघडलाय. दुकानात दाखवायचाय."

"धार तर चांगली दिसतेय."

"धार उत्तम आहे. बंद होत नाहीये."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने स्वतः बंद करून पाहिला. मग शेजारच्या पहारेकऱ्याला बोलावलं, त्याने करून पाहिला. बघ्यांतल्या एका गृहस्थांनी, आमच्याकडे असाच एक होता, अशी सुरुवात करून हात पुढे केला. अखेर थोरली पुढे, चाकू हातात धरलेला पहारेकरी मागे आणि निकालाची उत्सुकता असलेली चारपाच माणसं त्याच्या मागे, अशी वरात दुकानात शिरली.

दुकानदाराने चाकू पाहिला, पात्याला चिकटलेला साबण पाहिला आणि त्याचा चेहरा फुलला.

"काकांचा ना हा? या खेपेला साबण का? ते काकडीत खुपसून आणायचे."

थोरलीला काही कळलं नाही. दुकानदार पहारेकऱ्याच्या हातून चाकू घेत आपल्याच नादात बोलत राहिला. काका दर शनिवारी यायचे. हा इथला खटका अंगठ्याने दाबून बाजूला सारावा लागतो, मग मिटतो. काकांच्या अंगठ्यात तेवढा जोर राहिला नव्हता. उघडता यायचा, मिटवता यायचा नाही. आठवडाभर घरी उघडाच पडलेला असायचा म्हणे. शनिवारी आपण मिटवून द्यायचो, ते खिशात घालून न्यायचे, आणि काकडी मीठ लावून खा म्हणून इथेच ठेवून जायचे.

"मी म्हटलं काका, हा मला परत द्या, जुन्या पद्धतीचा एक आहे शिल्लक, तो न्या. नाही म्हणाले. रविवारी मुलगी येते, तिच्यापुढे उघडून दाखवायचा असतो. बदलला तर तिच्या लक्षात येईल, ती फार बारकाईने बघते." तो हसला. "गेले दोन-तीन शनिवार आले नाहीत. बरे आहेत ना?"

मागे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहून टोपी काढली. बसमधल्यासारखा घोटाळा होऊ नये म्हणून थोरलीने या वेळी शब्द नीट जुळवले आणि सांगितलं. दुकानदार बराच वेळ फडक्याने पात्यावरचा साबण पुसत राहिला.

"त्यांना आवडला होता का हा?" तिने विचारलं.

"पातं आवडलं होतं. जुन्याहून सरस आहे म्हणाले. खटक्याचं विचाराल तर, तो ज्याने बनवला त्याला म्हातारा बाप नसणार, असं म्हणायचे." तो थांबला. "हे तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. आता काय."

त्याने तिला खटका कुठे आहे ते दाखवलं. थोरलीने अंगठा ठेवला आणि दाबला. खरंच जड होता. दुसऱ्यांदा जोर केल्यावर तो सरकला आणि पातं मुठीत जाऊन बसलं. मागच्या माणसांपैकी कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला. इतके रविवार ज्याची ती वाट पाहत होती, ते तिला मिळालं होतं. पातं पास, खटका नापास. अगदी बाबांच्या तोंडचा निकाल. त्याचं आता काय करायचं, हे मात्र तिला सुचेना.

"ठेवायचा ना ताई, का बदलून देऊ?" दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं.

थोरली मिटलेल्या चाकूकडे बघत होती. ती बोलली ते दुकानदाराशी नव्हतं, आणि भोवतीची माणसं ऐकताहेत याची या वेळी तिला पर्वा नव्हती.

"मला नुसतं तुमच्याकडे यायचं असायचं, बाबा," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने यायची लाज वाटायची, म्हणून काहीतरी घेऊन यायचे."