चौथी बादली

विज्ञानाचे निवृत्त मास्तर बाल्कनीत आले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. चारही बादल्या बाहेरून लख्ख घासून भलत्याच क्रमाने मांडलेल्या होत्या.

"अगं, यांवरच्या चिठ्ठ्या कुठायत?"

"खरवडून काढल्या. केवढ्या कळकट दिसत होत्या!" बायको कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

सोसायटीच्या गच्चीवरच्या बागेसाठी कचऱ्याचं खत करणारी कुठली पावडर घ्यायची, हे मास्तरांनी ठरवायचं होतं. तीन बादल्यांत तीन कंपन्यांच्या जिवाणूंच्या पावडरी घातलेल्या, चौथीत तुलनेसाठी नुसता भाज्यांचा कचरा. दोन महिने नोंदी झाल्या होत्या. पाच वाजता सभा, आणि कुठली बादली कुणाची हे आता फक्त जिवाणूंनाच ठाऊक!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तणतणत वर आल्या. "मास्तर, बादल्यांचं धुवण गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर सांडलंय!"

"कोट मी धुऊन देते," बायको म्हणाली, "पण आधी जरा या बादल्यांचा वास घ्या. दोन महिने तक्रार करताय, तुमच्याइतकं तिखट नाक इथे कुणाचं आहे?"

बाईंना नाही म्हणवेना. पहिलीशी त्या वाकल्या. "कुजकी अंडी." दुसरी. "ओले मोजे." तिसरी. "चालेल, पण लांबून." चौथीत मात्र त्यांनी सरळ हात घातला. काळीभोर, भुसभुशीत माती! "यातली थोडी माझ्या गुलाबाला द्या, कोटाचं विसरते."

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. बाकी तिन्हींच्या आतल्या कडांना पावडर चिकटलेली होती. हिच्यात कणही नव्हता.

"ही तर बिनपावडरीची! असं कसं झालं?"

"कसं म्हणजे? हिलाच तर रोज ढवळत होतात. वर सुकी पानं काय, पाण्याचा शिपका काय!"

मास्तरांचे कान लाल झाले. "बिचारीला काहीच मिळालं नव्हतं गं..."

असल्याच प्रयोगांसाठी त्यांनी पस्तीस वर्षं मुलांचे गुण कापले होते.

सभेत त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "पावडर नको. सुकी पानं घाला आणि रोज ढवळा." टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरींनी विचारलं, "रोज ढवळणार कोण?"

सगळे छताकडे बघू लागले. शिवणकामवाल्या बाई उठल्या. "मास्तरांइतका जीव दुसरं कोण लावणार?"

ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गच्चीवर सहा मोठ्या पिंपांसमोर काठी घेऊन उभे होते.

"ढकलाढकली करू नका," ते समाधानाने म्हणाले. "सगळ्यांची पाळी येणार आहे."