भडक गुलाबी बटण

"टूल मीच निवडणार!" मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून जाहीर केलं. हात चांगलाच लागला, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

आमचं अ‍ॅप लोकांना घरबसल्या प्लंबर बोलावून देतं. त्यातलं बटण कुठल्या रंगाचं, अक्षर केवढं, मोकळी जागा किती, हे सगळे नियम माझ्या डोक्यात. ते नीट मांडून ठेवायला कुठलं टूल, म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर, घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. कंपनीच्या मॅडमनी सांगूनच टाकलं होतं, "ज्याचं टूल चालेल, तो डिझाइनप्रमुख." आता बोला!

पण शंकासुर आडवा आला. शंकासुर म्हणजे आमचा प्रोग्रामर. त्याला सगळं साध्या टेक्स्ट फायलींत हवं होतं.

"बटणाबद्दल पानंच्या पानं वाचायची आणि बटण दिसणारच नाही?" मी उसळलो. "म्हणजे हॉटेलात जाऊन नुसतं मेनूकार्ड चघळायचं!"

"फायली कोसळत नाहीत," तो म्हणाला.

"वाचणारी माणसं कोसळतात, त्याचं काय?"

माझं टूल देखणं होतं. त्यात बटण खरंखुरं दिसायचं, दाबताही यायचं. वर ते थेट अ‍ॅपला जोडता यायचं. इथे रंग बदलला की तिथेही बदलला! "आधी अ‍ॅपच्या वेगळ्या प्रतीवर करून बघ," शंकासुर म्हणाला. तो म्हणाला म्हणूनच मी तसं केलं नाही.

आता, अशा नियमावलीत एक चांगला नमुना द्यायचा असतो आणि शेजारी एक वाईट, म्हणजे लोकांना फरक कळतो. वाईट नमुना करताना तर माझ्या अंगातच आलं! भडक गुलाबी रंग, पडदाभर आकार आणि वर ठसठशीत अक्षरांत, 'हे बटण चुकीचं आहे!' फक्त नवं बटण घ्यायचं सोडून मी प्लंबर बोलवायच्या खऱ्या बटणालाच रंगवलं, एवढंच. आणि कॉफी प्यायला खाली गेलो.

गप्पांत तास गेला. दुसरा कप तोंडाला लावतोय तोच मावशीचा फोन.

"अरे, तुमचं बटण चुकीचं आहे म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"बटणच म्हणतंय! मी म्हटलं, बघू तरी काय चुकलंय. दाबलं. तर दारात प्लंबर!"

"मावशी, नळ गळतोय का?"

"छे, नळ ठणठणीत आहे! पण आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? बाथरूम खोलून बसलाय तो!"

मी जिने चढत धावलो. वर सगळे फोन एकदम वाजत होते. शहरभरचे प्लंबर धडधाकट नळांच्या दारात उभे होते.

"जोडणी काढू?" शंकासुराने गोड आवाजात विचारलं.

"खबरदार! टूल सांगितल्याबरहुकूम वागलंय. चूक माझी आहे, त्याची नाही!"

तेवढ्यात मॅडम आल्या. "हे गुलाबी कोणी केलं?"

"मी!" मी छाती पुढे काढली आणि हळूच एक पाऊल मागे सरकलो.

"एवढी बुकिंग आजवर आली नव्हती. निम्म्या लोकांनी काही ना काही दुरुस्त करून घेतलंय. राहू दे तसंच."

"राहू दे? मॅडम, ते भयंकर आहे! मी असेपर्यंत ते बटण राहणार नाही!"

"बरं. मग प्रमुख ह्याला करते," म्हणत त्यांनी शंकासुराकडे बोट दाखवलं.

तत्त्वांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. ते बटण भडक आहे, बेढब आहे, साफ चुकीचं आहे, हे मी आजही कुणालाही तोंडावर सुनावतो. त्याआधी प्रमुख म्हणून मिळालेल्या माझ्या नव्या केबिनचं दार तेवढं लावून घेतो.