काकूंच्या हाताची ऊब

आमच्या शेजारचे सुधाकाका अख्ख्या आळीला अरे-तुरे करतात, पण दोन बोटांएवढ्या एका हिरव्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला मात्र अहो-जाहो. "उठा साहेब, उजाडलं," म्हणत रोज सकाळी त्याची वायर लॅपटॉपला जोडतात. त्यावरचा चिमुकला दिवा लुकलुकला की मगच स्वतः चहा घेतात.

जन्मभर बोटीवर इलेक्ट्रिशियन. सत्तरीत पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची हुक्की आली, आणि मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते म्हणून मास्तरकी माझ्या गळ्यात पडली. पहिला धडा दिवा लावायचा-विझवायचा. मध्ये एक सेकंद थांबायला सांगणारी आज्ञा असते 'स्लीप'. तिचा अर्थ मी 'झोप' असा सांगितला आणि पस्तावले.

"एकच सेकंद? जरा पडू दे गो त्यांना," म्हणत काकांनी गुपचूप तासाभराचे छत्तीसशे घातले. विझलेला दिवा पुन्हा का लागत नाही म्हणून मी अर्धा तास वायरी तपासत बसले!

चूक झाली की स्क्रीनवर इंग्रजी ओळी उमटतात. त्या पेन्सिलीने वहीत उतरवून काका माझ्या दारात हजर. "साहेब रागावलेत. काय म्हणतायत बघ."

एकदा वैतागून मी तोंडावरच म्हणाले, "या वयात हे खूळ कशाला?"

"आंब्यांसाठी गो," ते हळूच म्हणाले.

घरच्या पाच कलमांचे आंबे ते पडवीत पेंढ्याच्या आढीत पिकवतात. काकू होत्या तोवर त्या पेंढ्यात हात घालायच्या, ऊब बघायच्या आणि सांगायच्या, "आज उलगडा." फळ वाया जायचं नाही. त्या गेल्यापासून दोन हंगाम आढी कधी कच्ची निघाली, कधी कुजली. म्हणून आता पेंढ्यात साहेबांना जोडलेला, ऊब मोजणारा सेन्सर ठेवायचा. हवी तेवढी ऊब आली की दिवा लागेल.

परवा सगळं जुळलं. आढीतलं तापमान स्क्रीनवर दिसू लागलं, काका खुदकन हसले. एकच ओळ राहिली होती: तापमान अमुक अंशांवर गेलं तर दिवा लाव.

"काका, आकडा किती घालू?"

त्यांनी कोपरापर्यंत हात पेंढ्यात घातला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"माझ्या हाताला ऊन लागतंय गो. पण तिला किती लागायचं, ते कुठे ठाऊक आहे?"

"मी शोधून काढते कुठूनतरी."

"नको. तिचाच हवा होता."

मला रडू आवरेना. काकांनी मात्र हात बाहेर काढला नाही.